आधीच्याही आधी

आमच्या वन्सं कशालाच भीत नाहीत, असं मी लग्न होऊन या घरात आल्यापासून धरून चालले होते. त्यामुळे त्या जेव्हा घाबरल्या, तेव्हा मला काही सुचेचना. घाबरट माणूस घाबरलं तर आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, दोन शब्द बोलतो. न घाबरणारं माणूस घाबरलं तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला, पदरात मूल नाही, तशा त्या भावाकडे आल्या. भावाकडे म्हणजे याच दोन खोल्यांत; पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आणि मागच्या खोलीत आमचा सगळा संसार. मी लोकांच्या पँटी आखूड करून देते, चेन बदलून देते, उसवलेलं शिवून देते. वन्सं आल्या त्या रडत बसायला नाही आल्या. आल्या आल्या मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायला लागल्या आणि तिथून सरकत सरकत ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस झाल्या. अजूनही घरातला टॉवेल त्या थिएटरच्या पद्धतीने घडी घालतात, कडा आत, आणि चहा गाळायचा असला तरी कोपरापर्यंत हात धुतात. सुरुवातीला मला वाटायचं, ही बाई माझ्या भांड्यांना घाण समजते की काय! भांडले एकदा त्यावरून. तर म्हणाल्या, "अगं, माझ्या हातांना सवय लागलीय, तुझ्या तोंडाला लागलीय तशी." 

हॉस्पिटलात त्यांना सगळे 'झालंबाई' म्हणायचे. त्याचं कारण त्यांचं काम. रोग्याला ट्रॉलीवरून आत न्यायचं, टेबलावर घ्यायचं, भूल चढेपर्यंत त्याचा हात धरून उभं राहायचं, आणि ऑपरेशन उरकून बाहेरच्या खोलीत आणलं की गालावर हलक्या थापट्या मारत सांगायचं, "झालं हो, झालं." आणि रोगी काय म्हणायचा माहितीये? डोळे किलकिले करून विचारायचा, "कधी सुरू करणार?" दहातले नऊ तरी हेच विचारायचे. एक गृहस्थ तर हमरीतुमरीवर आले. म्हणे तुम्ही मला तसंच बाहेर आणलंत, ऑपरेशन केलंच नाही, मला फसवता काय! वन्संनी त्यांची चादर बाजूला करून पोटावरचे टाके दाखवले, तेव्हा कुठे गप्प बसले.

भूल देताना बाकीच्या मदतनीस रोग्याला आकडे म्हणायला लावतात. वन्संची तऱ्हा वेगळी. त्या हात धरून विचारणार, "घरी कोणकोण असतं तुमच्या?" माणूस सांगायला लागतो, आणि सांगता सांगता वाक्य अर्ध्यावर तुटतं. एक बाई म्हणाली होती, "माझी मोठी जाऊ म्हणजे नुसती..." आणि गेली भुलेत. दुपार कलल्यावर शुद्धीवर आली, डोळे मिटलेलेच, आणि तोंडातून पहिला शब्द निघाला, "वाघीण!" वन्संनी हे घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी मशीनवर डोकं टेकून हसले होते. आमचे हेसुद्धा हसले, आणि त्यांना हसताना बघायला मिळणं म्हणजे भाग्यच. मधला वेळ त्या बाईला नव्हताच. आमच्या घरात हा एक नेहमीचा विनोदच होऊन बसला होता. हे जेवायला उशिरा आले की मी म्हणायची, "भूल दिली होती का कुणी?"

मग ते मास्तर आले.

निवृत्त मास्तर, शाळेत विज्ञान शिकवलेले. त्यांच्या आधीचं ऑपरेशन लांबलं, म्हणून ट्रॉली थिएटरच्या दाराबाहेर थांबवून ठेवली होती. वन्सं शेजारी उभ्या. मास्तर उताणे, छताकडे बघतायत, आणि स्वभाव असा गप्पिष्ट की मरणाच्या दारातही शिकवतील. म्हणाले, "बाई, हे सगळं, तारे, पृथ्वी, तुम्ही, मी, हा वरचा दिवा, एके काळी टिचभर जागेत मावलेलं होतं बरं का! टिचभर म्हणजे मी आपलं तुम्हाला समजावं म्हणून म्हणतो, त्याहून कितीतरी कमी. मग ते पसरायला लागलं. तिथून विश्वाची सुरुवात."

वन्संनी विचारलं, "आणि त्याच्या आधी?"

"हां! वर्गातली पोरंही नेमकं हेच विचारायची," मास्तर खूश झाले. "पुष्कळ जाणती माणसं म्हणतात, 'त्याच्या आधी' असं म्हणताच येत नाही. कारण वेळसुद्धा तिथूनच सुरू झाला. वेळच नव्हता, तर 'आधी' कुठून आणणार? गोष्ट सुरू व्हायच्या आधी गोष्टीतला राजा काय करत होता, असं विचारण्यासारखं आहे ते. तर काही जण म्हणतात, असं कसं, आधीही काहीतरी असणारच. ठाम कुणालाच सांगता येत नाही."

एवढ्यात दार उघडलं. मास्तरांना आत घेतलं. वन्संनी नेहमीसारखा हात धरला, पण त्या दिवशी घरी कोणकोण असतं हे विचारलं नाही. मनात तेच घोळत होतं ना! त्यांनी विचारलं, "मग मास्तर, तुम्हाला काय वाटतं? होतं का काही?"

मास्तर म्हणाले, "मला विचाराल, तर त्याच्या आधी..."

आणि हात सैल पडला. ऑपरेशन चालू असतानाच त्यांचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, कुणाची चूक नव्हती, वय झालं होतं आणि हृदय आधीच कमजोर होतं. पण मास्तर काही परत आले नाहीत. त्या दिवशी वन्संना 'झालं' म्हणायची वेळ आली नाही.

आता थिएटरमध्ये माणूस दगावणं वन्संना नवीन होतं का? मुळीच नाही. अशा दिवशी त्या घरी येऊन गरम पाण्याने आंघोळ करायच्या, चार घास कमी खायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर. या वेळी मात्र आंघोळ झाली, चहा झाला, आणि बाई भिंतीकडे बघत बसली. मी विचारलं, तेव्हा हे सगळं सांगितलं, अगदी आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. मी आपलं म्हटलं, "वेळ नव्हता म्हणे! अहो, ते तर मी रोज गिऱ्हाइकांना सांगते." हसल्या नाहीत. मला जरा रागच आला. चांगला विनोद वाया गेला की मला राग येतो.

दिवस गेले तसं ते वाढतच गेलं. कामावर जायच्या, पण रोग्यांशी बोलणं सोडलं. नुसता हात धरायच्या. एका दुपारी मी एका जाकिटाची चेन बसवत होते. त्या समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "भुलेत माणूस असतं कुठे?"

"कुठे म्हणजे? टेबलावर."

"ते शरीर. माणूस कुठे असतं?"

"झोपलेलं असतं, वन्सं. आणखी काय?"

"नाही गं. झोपलेल्याला कळतं. कूस बदलतो, स्वप्नं पडतात, जागा झाला की आपण पुष्कळ झोपलो हे त्याला समजतं. भुलेतल्याला काहीच नसतं. अर्ध्या वाक्यावर जातो आणि पुढच्या शब्दावर उठतो. मधे वेळच नसतो. मास्तर सांगत होते ना, सगळं सुरू व्हायच्या आधी वेळ नव्हता म्हणून? तसं. मी रोज माणसांना तिथे नेऊन सोडत होते. गप्पा मारत, हाताला धरून." त्यांचा आवाज बारीक झाला. "उठलेल्यांचं ठीक आहे. पण मास्तर? ते 'त्याच्या आधी' म्हणाले आणि पुढचा शब्द यायचाच आहे. तिथे वेळ नाही म्हटल्यावर तो येणार कधी? आणि नाही आला, तर ते आहेत कुठे?"

खरं सांगते, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भर दुपारी, रस्त्यावर माणसांची वर्दळ, समोरच्या दुकानात रेडिओ लागलेला, आणि मला मागे वळून बघायची भीती वाटायला लागली. म्हणून मी काय केलं असेल? ओरडले त्यांच्यावर. "पुरे झालं हे! त्या मास्तरांनी तुमच्या डोक्यात किडा सोडला आणि आपण मोकळे झाले! कामाला लागा जरा." मला भीती वाटली की मी ओरडते. यांना विचारा.

एवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण त्यानंतर वन्संच्या गळ्यावरची गाठ वाढायला लागली. गाठ जुनीच होती, सुपारीएवढी, पदराआड जायची. ती आता दिसामासानं फुगली. आडवं झालं की श्वास शिट्टीसारखा वाजायचा, म्हणून त्या खुर्चीत बसून झोपायला लागल्या. मागच्या खोलीतली शिट्टी मला मशीनच्या आवाजातही ऐकू यायची. मोठ्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले आणि स्पष्ट सांगितलं: गाठ श्वासनळीवर दाबतेय, काढायला हवी, थांबलात तर एक दिवस श्वासच बंद होईल. आणि गळ्याचं ऑपरेशन म्हटल्यावर पूर्ण भूल. दुसरा मार्ग नाही.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि घरी आल्यावर म्हणाल्या, "मी नाही जाणार तिथे."

"कुठे? हॉस्पिटलात तर रोज जाता!"

"हॉस्पिटलात नाही म्हणत मी."

हे कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "ताई, करून टाक." झालं, संपलं यांचं भाषण. बहिणीच्या जिवावर बेतलंय आणि माणूस दोन शब्दांच्या पुढे जाईल तर शपथ! पण पाणी प्यायला उठले, तर भांडं हातातून पडलं. तेव्हा मला कळलं, तेही घाबरलेत.

मी विनवलं, रडले, अबोला धरला, शेवटी एकदाच्या तयार झाल्या. तारीख ठरली. सकाळी अगदी शहाण्यासारख्या आल्या, कपडे बदलले, ट्रॉलीवर टेकल्या. मी मनात म्हटलं, सुटलो बाई! आणि थिएटरच्या दाराशी भूल देणाऱ्या मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मावशी, सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" तर ही बाई थंडपणे म्हणते, "दूध प्यायले आणि दोन बिस्किटं खाल्ली."

पोट भरलेलं असलं की भूल देत नाहीत, पोटातलं वर येऊन छातीत जातं. हे कोणाला पक्कं ठाऊक? तर आमच्या झालंबाईंना. रोज सकाळी रोग्यांना त्याच तर हा प्रश्न विचारायच्या आणि कुणी चोरून चहा प्यायला की त्याला फैलावर घ्यायच्या. ऑपरेशन रद्द. मोठे डॉक्टर चिडले, सगळ्यांची धावपळ फुकट. आणि वर कहर म्हणजे खाल्लं काहीच नव्हतं! घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "पोटात कण नाही, भूक लागलीय." मी रिक्षावाल्यासमोर त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की तो बिचारा आरशातून माझ्याकडेच घाबरून बघत होता. "तुम्हाला अक्कल आहे का, वन्सं? ज्या हातांनी लोकांना वाचवलंत, त्याच हातांनी स्वतःचा गळा दाबताय!"  शिट्टी वाजत होती नुसती.

दोन-चार दिवसांनी भूलवाल्या मॅडम स्वतः आमच्याकडे आल्या. वयाने लहान, पण मान मोठा. नवीन लागल्या तेव्हा त्यांचे हात थरथरायचे आणि वन्संनीच त्यांना धीर दिला होता. मी दिलेला चहा बाजूला ठेवून त्या वन्संसमोर बसल्या. मला वाटलं, आता या समजूत काढतील, काही होत नाही, छान झोप लागते वगैरे.

वन्संनी विचारलं, "खरं सांगा मॅडम. तिथे काय असतं?"

 मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. मी माणसाला पाठवते आणि परत आणते. मधलं मला कुणीच कधी सांगितलेलं नाही."

"मास्तरांना परत आणता आलं नाही."

"नाही आलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला आणीन, असं वचन नाही देत. जीव तोडून प्रयत्न करीन. पण तुम्ही आणखी थांबलात ना, तर श्वासाची नळी घालायलाही जागा उरणार नाही, आणि मग मलाही काही करता येणार नाही."

 अहो, डॉक्टरांनी तरी खोटं बोलावं की नाही? मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले आणि रागाने म्हटलं, "धीर द्यायला आला होतात की जीव घ्यायला?" त्या म्हणाल्या, "त्यांच्याशी खोटं बोलले असते तर त्यांना कळलं असतं." तेही खरंच होतं. पण तो खरेपणा घेऊन मी आत कशी जाणार होते!

आणि मग तो प्रसंग झाला. दुपारचं जेवण चाललं होतं. वन्सं वरण-भाताचा मऊ घासही हळूहळू गिळायच्या. एक घास अडकला. खोकला येईना, शब्द फुटेना, डोळे मोठे झाले, ओठ निळे पडायला लागले. मी पाठीत बुक्के मारले, यांना हाका मारल्या, हे तर कामावर गेलेले! बुक्के मारत होते आणि ओरडत होते, "वन्सं, श्वास घ्या, मेलं ते वेळ नि बीळ, श्वास घ्या!" शेवटी एकदाचा घास बाहेर पडला. हवा आत गेली तेव्हा असा आवाज झाला की तो अजून माझ्या कानात आहे. दोघी जमिनीवर बसलो, उष्टी ताटं तशीच. मी त्यांना घट्ट धरून रडत होते आणि त्या माझ्या खांद्यावर थरथरत होत्या.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "किती वेळ होता गं त्यात. संपतच नव्हता. वेळ नसणंच भयंकर, असं मी समजत होते." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मॅडमना कळव. येते म्हणावं."

या वेळी मी काही भरवशावर सोडलं नाही. पहाटेपासून त्यांच्या मागेमागे होते. मोरीत गेल्या तरी दाराबाहेर उभी. म्हणाल्या, "अगं, साबण खाईन का मी?" मी म्हटलं, "तुमचा नेम नाही." दूध शेजारणीकडे ठेवलं होतं, बिस्किटांचा डबा माझ्या पिशवीत. थिएटरच्या दारापर्यंत मला ट्रॉलीबरोबर जाऊ दिलं, कारण झालंबाईंच्या माणसाला कोण अडवणार? उताणं झोपवत नव्हतं, म्हणून त्यांना अर्धवट बसवून नेलं. हात बर्फासारखे गार पडले होते. मॅडमनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" त्यांनी मान हलवली. मीच बोलले, "कण नाही. माझी जबाबदारी."

आत जाताना त्या एकही शब्द बोलल्या नाहीत. ओठ घट्ट मिटलेले. का ते मला लगेच कळलं. बोलायला लागलं तर वाक्य अर्धं राहील ना! दार बंद झालं.

बाहेर बाक होता. मी आणि हे. इतकी वर्षं वन्सं त्या दाराच्या आतल्या बाजूला. बाहेर काय असतं ते मी पहिल्यांदाच पाहत होते. शेजारी एक बाई मुठी वळून बसलेली, पलीकडे एक म्हातारा, चप्पल काढतोय, घालतोय, काढतोय.  मला वाटलं, पुष्कळ वेळ गेला. घड्याळात बघितलं तर काटा जेमतेम हललेला. पुन्हा खूप वेळ थांबले. पुन्हा तेच. आणि मग ते माझ्या डोक्यात शिरलं, मास्तर म्हणाले ते, वन्सं म्हणत होत्या ते, ज्यावर मी आजवर ओरडत आले होते. आत वन्संना यातलं काहीच नाही. हा बाक नाही, हे घड्याळ नाही. त्या आत्ता जिथे आहेत तिथे 'आत्ता' हेच नाही. त्यांच्या वाटणीचा सगळा वेळ इथे बाहेर माझ्या मांडीवर आणून टाकला होता, आणि तो मला पेलत नव्हता. आणि जर त्या उठल्याच नाहीत, तर त्यांना ते कधीच कळणार नाही. मलाच जन्मभर कळत राहणार. सगळं सुरू व्हायच्या आधी काही नव्हतं म्हणतात, तेव्हा निदान बाहेर बसून वाट बघणारं तरी कुणी नव्हतं! मी यांचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. त्यांचा हात ओला होता.

मोठे डॉक्टर बाहेर आले, म्हणाले गाठ निघाली, नीट झालं. पण वन्सं काही बाहेर येईनात. शेजारच्या बाईचा माणूस आला, म्हाताऱ्याची बायको आली. आम्ही तिथेच. मग मॅडमनी स्वतः दार उघडलं आणि मला बोलावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "श्वास स्वतःहून घेतायत, पण शुद्धीवर येत नाहीत. कधीकधी लागतो उशीर. ओळखीच्या आवाजाने हाक मारून बघा."

गळ्याला पट्टी, चेहरा मेणासारखा. गालावर थापट्या मारत मी हाक मारली, "वन्सं, झालं. वन्सं." काही नाही. "अहो, झालं सगळं, उठा." काही नाही. मी मॅडमकडे बघितलं, त्यांनी नजर वळवली. भीतीने माझं डोकं फिरलं आणि मी घरात बोलते तशी सुरू झाले. "उठताय की नाही? नाटकं पुरे झाली! इतकं सगळं तुमच्यापायी केलं, दुकान बंद ठेवलं, तुमचा भाऊ बाहेर भूत बघितल्यासारखा बसलाय, आणि तुम्ही आरामात पडून राहिलात? मास्तरांना भेटायला गेलात की काय? नाही भेटत ते तिथे, कुणी नाही तिथे, तुम्हीच म्हणाला होतात! या परत. या म्हणते ना!" नर्सा बघत राहिल्या होत्या. माझं रडणं आणि ओरडणं एकच झालं होतं.

वन्संच्या कपाळाला आठी पडली. तीच आठी, मी फार बोलायला लागले की पडते ती. मग डोळे उघडले.

आवाज परत यायला पुष्कळ दिवस लागले. आला तो घोगरा. धीर करून मी एकदाचं विचारलं, "वन्सं, काय होतं हो तिथे?"

"काही नव्हतं."

"घाबरलात?"

त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "घाबरायला मी होते कुठे? आणि घाबरायलाही वेळ लागतो गं, पुढे काहीतरी व्हायचं असावं लागतं. तिथे पुढेच नाही." मग किती तरी दिवसांनी मोकळं हसल्या. "मास्तर घाबरले नसणार. मी उगीच त्यांची काळजी करत बसले."

झालं. त्यांची भीती गेली. पुन्हा कामावर जातात, रोग्यांना घरी कोणकोण असतं ते विचारतात, 'झालं हो' म्हणतात, आणि विश्वाच्या आधी वेळ होता की नव्हता याची त्यांना आता तमा नाही. पण ती भीती घराबाहेर काही गेली नाही. ती माझ्याकडे आली आणि राहिली. मी त्या बाकावरून अजून उठलेलेच नाही असं मला वाटतं.

दुपारी कामावरून येऊन त्या पाठ टेकतात, आता चांगल्या उताण्या झोपतात. पूर्वी शिट्टी ऐकू यायची, जीव नकोसा व्हायचा तिने. आता काहीच ऐकू येत नाही. मी मशीन थांबवते, कान देते. काही नाही. मग उठून आत जाते आणि छाती वरखाली होतेय का ते बघत उभी राहते. गिऱ्हाईक दारात हाका मारत असतं.

काल अशीच उभी होते. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "आहे गं मी. जा, गिऱ्हाईक ताटकळलंय."

"ताटकळू दे," मी म्हटलं, आणि तिथून हलले नाही.